पैसे भरलेली बुडी

आमच्या घराण्यात पैसे भरलेला कार्यक्रम आजवर रद्द झालेला नाही. वडिलांनी एकदा अंगात ताप असताना बालगंधर्वला तीन अंकी नाटक पाहिलं. तिसऱ्या अंकात नायिका रडत होती आणि बाबा थंडीने कुडकुडत होते. शेजारच्या बाईंना वाटलं, काय हळवा माणूस आहे! ऐन जुलैत महाबळेश्वरचं बुकिंग स्वस्तात मिळालं, तेव्हा टॅक्सीवाल्याने “काही दिसणार नाही साहेब” असं बजावूनही आम्ही ठरलेले सगळे पॉइंट केले. केट्स पॉइंटचं धुकं, एल्फिन्स्टन पॉइंटचं धुकं, आर्थर सीटचं धुकं. आईच्या मते आर्थर सीटचं जास्त दाट होतं.

या रक्ताचा माणूस पन्नासाव्या वर्षी मालवणला स्कूबा डायव्हिंग शिकायला गेला. पर्यटकांना हात धरून पाण्याखाली फिरवून आणतात आणि फोटो देतात, ते नव्हे. रीतसर कोर्स, जाडजूड पुस्तक, लेखी परीक्षा आणि पास झालो तर 18 मीटरपर्यंत उतरायचा परवाना.

आमचे मास्तर मालवणचेच, वयाने माझ्या भाच्याएवढे. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, मात्र मनापासून काही सांगायचं असलं की मालवणीवर यायचे. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर नियम लिहिला : कोणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी डाइव्ह रद्द करू शकतो. कारण सांगायची सक्ती नाही आणि दुसऱ्याने विचारायचं नाही. आम्ही माना डोलावल्या. पण मला त्यातला शेवटचा भाग पटेना. आमच्याकडे तिसरी पोळी नको म्हटलं तरी कारण द्यावं लागतं, आणि ते फेटाळलं जातं.

रद्द करायची खूण अगदी सोपी : अंगठा वर. म्हणजे ‘चला, वर जाऊ या’. ‘सगळं ठीक’ म्हणायचं असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आता जन्मभर ज्या अंगठ्याने आपण मिसळीला, भाच्याच्या मुंजीच्या फोटोंना आणि न वाचलेल्या लेखांना दाद दिली, तो पाण्याखाली गेल्यावर एकाएकी अर्थ कसा बदलणार? तलावातल्या सरावात मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून ते नाकाने फुंकून काढायचं असतं. मला ते पहिल्या झटक्यात जमलं. आनंदाने मी अंगठा दाखवला. मास्तरांनी तत्परतेने मला वर आणलं. “काय झालं काका?” “काही नाही, मस्त झालं!” दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा वर आल्यावर मास्तर म्हणाले, “काका, अंगठो खिशात ठेवा.” पाणबुड्यांच्या पोशाखाला खिसा नसतो, हे त्यांना माहीत असावं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला शिंका सुरू झाल्या.

सर्दी म्हणजे कचेरीला दांडी मारण्याइतकाही मोठा आजार नाही. पण पाण्याखाली तिचा हिशोब वेगळा असतो. दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे 10 मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि फुग्यातली हवा निम्म्या जागेत मावते. फुग्याचं काही बिघडत नाही. कानाच्या पडद्यामागेही तशीच हवा कोंडलेली असते, तिचं बिघडतं. म्हणून उतरताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे घशाकडून हवा कानात जाते आणि कान मोकळे होतात. या युक्तीला वॅलसाल्व्हा नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. तो 1723 मध्ये वारला, तरी सर्दी झालेल्या माणसाला अजून त्याची आठवण काढावी लागते. कारण ती वाट सुजली की कितीही फुंका, दार उघडत नाही. पहिल्या दहा मीटरांत हा फरक सगळ्यात झपाट्याने पडतो, त्यामुळे खोल न जाणाऱ्या नवशिक्याची यातून सुटका नाही.

बायकोने फोनवर सुचवलं, “नाक मोकळं करायची गोळी घे की!” पुस्तकात त्यावरही इशारा होता. गोळीचा असर पाण्याखालीच ओसरला, तर जाताना उघडं असलेलं दार येताना बंद मिळतं आणि आतली फुगणारी हवा आतच अडकते. थोडक्यात, लग्नघरी सहज आत शिरलेल्या माणसाला बाहेर पडताना स्वतःच्या चपला सापडत नाहीत तसं. मी गोळी घेतली नाही. पण सर्दी झाल्याचं कोणाला सांगितलंही नाही. समुद्रावर सगळ्यांचीच नाकं वाहतात.

सकाळी होडीत बसलो. समोर सिंधुदुर्ग किल्ला उन्हात चकाकत होता आणि मी रुमालात तोंड खुपसून त्याला पाठमोरा बसलो होतो. मास्तर सूचना देत होते : 200 बारची टाकी, 50 उरायच्या आत वर यायचं, निम्मी संपली की खुणेने सांगायचं. “कुणाला काही त्रास? सर्दी, डोकं?” असं त्यांनी विचारलं आणि मी वळून किल्ल्याचे बुरूज मोजू लागलो. डोक्यात दुसरंच गणित चालू होतं : कोर्सची फी, भागिले डाइव्हची संख्या. भागाकार बराच मोठा येत होता.

माझी बडी, म्हणजे पाण्याखालची जोडीदार, नाशिकची बाविसेक वर्षांची इंजिनियर. तिला कान आहेत हे तिला स्वतःलाही जाणवत नसावं, इतक्या सहज ती खाली जायची. दोरी धरून आम्ही उतरू लागलो. त्या दिवशी पाणी सोलकढीसारखं होतं. चार हातांवरचा माणूस रंगाने ओळखावा लागत होता. दोन मीटरवर डावा कान भरला. फुंकलं, उघडेना. नियमाप्रमाणे थोडा वर सरकलो, पुन्हा फुंकलं, पुन्हा खाली. तीन मीटरवर कोणीतरी कानात दाभण खुपसल्यासारखं झालं.

आता अंगठा वर करायचा, एवढंच. पण तो उठेना. तीन दिवस भलत्या वेळी उठणारा अंगठा दोरीला चिकटून बसला. मनात बाबा, टॅक्सीवाला, धुकं, सगळे येऊन गेले. शिवाय नियम असा की एक जण वर निघाला की जोडीदारालाही निघावं लागतं. माझ्यापायी या पोरीची डाइव्ह फुकट! तिने नाशिकहून एसटीने येऊन पैसे भरलेत. थोडं सोसू या. अजून अर्धा मीटर. या अर्ध्या मीटरात जे झालं त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की मी पाण्याखाली ‘आई गं’ म्हणालो आणि ते रेग्युलेटरमधून बुडबुड्यांच्या रूपात वर गेलं.

मी अंगठा वर केला.

मास्तरांनी पाहिलं आणि त्यांच्या मास्कमागचे डोळे बारीक झाले. माझा पूर्वेतिहास त्यांना ठाऊक होता. त्यांनी गोल करून विचारलं : म्हणजे ठीक ना? मी अंगठा. पुन्हा गोल. मग मी दोरी सोडून दोन्ही अंगठे वर केले, आणि एक बोट कानाकडे नेलं. त्यांनी अंगठा दाखवला, बडीनेही दाखवला. तिघांचे अंगठे वर, जणू आम्ही निवडणूक जिंकली होती. हळूहळू वर आलो.

डोकं पाण्याबाहेर काढल्या काढल्या मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती पोरगी म्हणाली, “थँक यू काका! माझा मास्क मगापासून गळत होता. मला वाटलं, तुम्ही एवढे पुण्याहून आलात, तुमची डाइव्ह कशाला बिघडवायची?”

म्हणजे आम्ही दोघं एकमेकांच्या भिडेखातर आणखी खाली चाललो होतो. लग्नाच्या पंगतीत आधी कोणी उठायचं म्हणून सगळे रिकाम्या पानासमोर बसून राहतात, तसं. फक्त इथे पान तळाशी मांडलेलं होतं.

मास्तरांनी माझा रुमाल पाहिला, नाक पाहिलं आणि सगळं ओळखलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, “काका, दर्यो खंय जातलो? हयसरच असतलो.” मग किनाऱ्याला येईपर्यंत आजोबांची गोष्ट सांगत राहिले. आजोबा मासेमारीला जायचे. पहाटे किनाऱ्यावर उभं राहून वारा बघायचे आणि मनाला आलं नाही तर घरी येऊन परत घोंगडी ओढायचे. बाकीचे जातायत की नाही, हे बघायचे नाहीत. पावसाळ्यात तर सगळ्याच होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच पुन्हा पाण्यात घालायच्या. आणि शेवटी, पुस्तकी मराठीत : डाइव्ह रद्द करायची सगळ्यात चांगली जागा अंथरूण, त्यानंतर किनारा, मग होडी. तीन मीटरवर रद्द करणारा विद्यार्थी पास होतो, पण काठावर.

घसा-कान-नाकवाल्या डॉक्टरांनी आठवडाभर पाण्यात उतरायचं नाही असं सांगितलं. बाबांना फोन केला. सगळं नीट ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, “पैसे परत देतात?” उरलेल्या डाइव्ह नंतर येऊन करता येतील, हे सांगितल्यावरच त्यांनी कान कसा आहे याची चौकशी केली.

दुपारी खानावळीत सुरमईची थाळी मागवली. अर्ध्यातच पोट भरलं. पोटाला कळलं होतं, नुकताच धडाही गिरवला होता. वाढणाऱ्या मावशी भाताचं पातेलं घेऊन आल्या तसा मी ठामपणे, अजिबात न लाजता, अंगठा वर केला.

“आवाडला मां?” म्हणत त्यांनी दोन वाढणी भात घातला आणि वर कालवण ओतलं.

पैसे भरलेले होते. खाल्ला.