गोड बोला, मेजर!

सरकारी कॅलेंडर करणाऱ्याला विनोदबुद्धी नसते, असं कोण म्हणतं? माजी सैनिकांचा राष्ट्रीय दिवस त्याने नेमका 14 जानेवारीला बसवला. अनेकदा हीच संक्रांत. सगळा महाराष्ट्र ज्या दिवशी हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलायला बजावतो, त्या दिवशी फौजीने तक्रार करायची तरी कोणत्या तोंडाने?

तारखेचा संक्रांतीशी संबंध नाही, हे मान्य. पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा 14 जानेवारी 1953 रोजी निवृत्त झाले, त्याची ही आठवण. दिवस पाळायला सुरुवात झाली 2016 साली. मधली 63 वर्षं फाइल कोणाच्या टेबलावर होती, हे विचारू नये. खुद्द करिअप्पांना फील्ड मार्शलचा हुद्दा मिळाला 1986 मध्ये, म्हणजे घरी बसून 33 वर्षं झाल्यावर. माणेकशांना हुद्दा वेळेवर मिळाला, 1973 लाच. पण त्या हुद्द्याच्या पगाराची थकबाकी हातात पडायला 2007 उजाडलं. एवढी थोर परंपरा असताना एखाद्या हवालदाराने ‘माझा कागद दिवाळीपासून फिरतोय’ म्हणून कुरकुरावं, ही बेशिस्तच.

आमच्या केनवडात, खरं तर सगळ्या वऱ्हाडातच, फौजेतून परतला तो ‘मेजर’. शिपाई म्हणून सुटला असो की नाईक म्हणून. सैन्याने वीस वर्षांत दिली नाही ती बढती गाव एसटीतून उतरल्या उतरल्या देऊन टाकतं. या बढतीत पगारवाढ नसते, म्हणून ती कधी अडत नाही.

सत्काराचंही तसंच. फ्लेक्सवर पुढारी छातीपर्यंत आणि सत्कारमूर्ती खालच्या कोपऱ्यात, आधार कार्डावरच्या फोटोएवढा. होमगार्डच्या कवायतीलाही कधी न गेलेला पाहुणा सियाचेनच्या थंडीवर अर्धा तास बोलतो. ज्याने ती थंडी सोसली त्याला दोन मिनिटं, तीही ‘थोडक्यात आटपा मेजर, बायांले वाण लुटायले जायचं हाय’ या सूचनेसह. शाल मात्र उबदार असते. जानेवारीत वापरता तरी येते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे 15 जानेवारीच्या सेना दिनी, मेजर घरपट्टीचं विचारायला जातात. राज्य सरकारने 2020 साली ग्रामपंचायत हद्दीतल्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता कर माफ केला आहे. कचेरी कुठल्याही गावाची डोळ्यांपुढे आणा, संवाद तोच.

“दाखला आनला काय मेजर?”

“कायचा?”

“तुमी फौजी होते त्याचा. सैनिक कल्याणचा.”

“काल तं तुमीच हार घातला मले!”

“हाराले जावक नंबर नसते ना बाप्पा.”

मुद्दा बिनतोड आहे. मेजर वाशिमची गाडी धरतात. दाखल्यांची त्यांना सवय असते म्हणा. पेन्शन चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो. शत्रूच्या गोळीला जे जमलं नाही, ते एका न उमटलेल्या अंगठ्याला जमतं.

कोणी म्हणेल, देश सैनिकासाठी खिशात हात घालतोच की. घालतो ना! 1949 पासून दर 7 डिसेंबरला ध्वजदिन असतो. निधीचं उद्दिष्ट प्रत्येक कार्यालयाला वाटून दिलेलं असतं, ते खाली झिरपत झिरपत मास्तरांपर्यंत येतं आणि कृतज्ञता पावतीपुस्तकात मावते. उद्दिष्ट ओलांडणाऱ्या अधिकाऱ्यांचा पुढे सत्कार होतो. त्यांना मात्र दाखला मागितल्याचं ऐकिवात नाही.

आता पुढचा पेच. 2022 च्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं 2026 च्या शेवटाला भरू लागतात. जास्तीत जास्त चौथा हिस्सा फौजेत राहील, बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर घरी. त्यांना पेन्शन नाही, आणि योजनेप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जाही नाही. मग 14 जानेवारीला त्यांना खुर्चीवर बसवायचं की खुर्च्या मांडायला लावायचं? गावोगावच्या फ्लेक्सवाल्याला हा प्रश्न पडणार आहे: नावाखाली लिहू काय? आजी म्हणता येत नाही, माजी म्हणायला परवानगी नाही. तो काही अडून बसणार नाही. त्याच्याकडे ‘युवा नेते’ आधीपासून टाइप करून ठेवलेलं असतं.