अर्जदार

आमच्या तालुक्यातून पूर्वी परमुलखी जाणाऱ्यांचे दोनच वर्ग असत, एक सरकारी बदलीच्या हुकमाने जाणाऱ्यांचा आणि दुसरा सावकाराच्या तगाद्याने जाणाऱ्यांचा. अलीकडे त्यांत अर्जदार नामक तिसऱ्या वर्गाची भर पडली असून त्याचे वैशिष्ट्य असे की, देहाने तो जाण्यापूर्वी वर्ष-दीड वर्ष मनाने गेलेला असतो आणि मागे राहिलेला देह केवळ झेरॉक्सच्या दुकानाकडे ये-जा करण्याच्या कामी येतो.

आमच्या शेजारचा अर्जदार कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झाला तेव्हा त्याचे बहुतेक सहाध्यायी पुण्यास सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत लोकसेवा आयोगाच्या उपासनेस बसले, एक-दोघांनी खताच्या कंपनीची फिरती पत्करली. याने मात्र अन्न व साधनसंपत्ती यांच्या अर्थशास्त्रात परदेशी पारंगत होण्याचा संकल्प सोडला. जर्मनीत बॉन येथे या विषयाची स्वतंत्र संस्था आहे, कोपनहेगनला त्याच नावाचा विभाग आहे, फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे तसाच दुसरा आहे, आणि कॅनडातील व्हँकुव्हर येथे तर पदवीलाच हे नाव दिलेले आहे. ही स्थाने त्याच्या मुखी भाविकाच्या मुखी अष्टविनायकांची यावीत तशी क्रमाने येतात. त्याच्या आत्याबाईंनी 'फूड' एवढाच शब्द ऐकून पोर हॉटेलाच्या धंद्यात पडणार अशी समजूत करून घेतली आहे, आणि ती दूर करण्याचा नाद आता घरात सर्वांनी सोडला आहे.

शास्त्र मोठे मनोवेधक आहे, यात संशय नाही. कांद्याला एका हंगामात भाव आला की पुढल्या हंगामात जो तो कांदाच लावतो, आवक तुंबते, भाव कोसळतो, आणि त्यानंतर कांदा लावायला कोणी धजत नाही म्हणून भाव पुन्हा चढतो, या रहाटगाडग्याची शास्त्रशुद्ध मांडणी मॉर्डेकाय एझेकिएल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९३८ साली केली आणि तिला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात, असे अर्जदाराने निफाडच्या मामांना कागदावर रेघा मारून समजावून दिले. मामांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतले, कागद उलटसुलट करून पाहिला, आणि "साहेबांची शेती कोणत्या तालुक्यात?" एवढेच विचारले.

एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली असा नियम घालून दिला की, कुटुंबाचे उत्पन्न वाढत जाते तसतसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटत जातो. अर्जदाराच्या घरी हा वाटा गेल्या वर्षात झपाट्याने घटला. इंग्रजीच्या परीक्षेचे शुल्क, जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज तपासून देणाऱ्या संस्थेचे पहिल्या अर्जास ७५ युरो व पुढील प्रत्येकास ३०, दस्तऐवजांच्या रुजवातीसाठी दिल्लीच्या एपीएस कचेरीचे १८,००० रुपये, अशा रकमा भरता भरता किराणा इतका किरकोळ होऊन बसला की, एखाद्या परकीय संशोधकाने केवळ जमाखर्चाची वही पाहिली असती तर या कुटुंबाची सुबत्ता पाहून तो थक्क झाला असता.

गुणांच्या रूपांतराचे प्रकरण त्याहून बिकट. कृषी विद्यापीठाने दहापैकी ७.६८ असा भारदस्त आकडा दिला होता. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ हा काठावरचा, त्यामुळे सर्वोच्च गुणांतून मिळालेले वजा करावेत, त्यास सर्वोच्च व किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागावे, तिप्पट करावी आणि एक मिळवावा, अशा बव्हेरियन सूत्राने हिशेब केला तेव्हा हाती २.३९ आले. वडील दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. या पद्धतीचे मर्म घरात एकट्या आजोबांना, म्हणजे आबांना, उमगले, कारण आबा सेवानिवृत्त तलाठी. पिकांची पैसेवारी पन्नासच्या आत बसावी म्हणजे साऱ्यात सूट मिळेल, यासाठी अख्खा गाव चावडीवर येऊन आकडा खाली ओढण्याची विनवणी करी, हे त्यांनी नोकरीभर पाहिलेले. "दोन एकोणचाळीस म्हणजे बरं आहे की! अजून उतरत असेल तर बघ," असे ते म्हणाले.

आता हेतुपत्राविषयी, ज्यास अर्जदार एसओपी म्हणतो. मराठी ललित वाङ्मयाच्या समीक्षकांनी या वाङ्मयप्रकाराची अद्याप दखल घेऊ नये याचे मला राहून राहून नवल वाटते, कारण करुणरसाचा इतका परिपोष हल्ली कादंबरीतही आढळत नाही. या पत्राचा आरंभ आजोबांच्या शेतापासून व्हावा असा अलिखित दंडक आहे. आमच्या अर्जदाराच्या पहिल्या मसुद्यात आजोबांचे एक पीक गारपिटीने गेले होते. दुसऱ्यात विहीर आटली. पाचव्या मसुद्यापर्यंत आजोबा तीन दुष्काळ सोसून, बैलजोडी विकून, नातवाच्या हाती मूठभर माती देत क्षितिजाकडे पाहत होते. वस्तुतः आबांची चार एकर जिरायत जमीन गेली तीस वर्षे बटईने दिलेली असून दुष्काळाशी त्यांचा संबंध अहवाल पाठवण्यापुरताच आला. एका संध्याकाळी अर्जदाराने त्यांना तो मसुदा मराठीत करून ऐकवला. आबांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "कोण रे हा बापडा?" त्यांनी विचारले, "याला तगाई तरी मिळाली का?"

शिफारसपत्रांची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी. प्राध्यापकमहाशय म्हणाले, "तू लिहून आण, मी सही करतो." तेव्हा अर्जदाराने रात्र जागून स्वतःची स्तुती रचली, सरांनी ती वाचली, निःपक्षपातीपणाला बाध येऊ नये म्हणून एक विशेषण खोडले आणि सही ठोकली. पुढे विद्यापीठाने पत्र सरांच्या कार्यालयीन ईमेलवरूनच यावे असा आग्रह धरला, आणि त्याचा पासवर्ड बदली होऊन गेलेल्या लिपिकास ठाऊक असल्याचे निष्पन्न झाले.

परंतु अर्जदार खरा अर्थशास्त्रज्ञ झाला तो बँकेत. जर्मन व्हिसासाठी एका वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटात आगाऊ भरावे लागतात आणि तेथे पोचल्यावर त्यांतून दरमहा ९९२ सुटतात. आपलाच पैसा आपल्यालाच तनखा म्हणून मिळण्याची ही तऱ्हा आबांना फार राजेशाही वाटली. त्यासाठी कर्ज, आणि कर्जासाठी तारण. आबांनी मोठ्या अभिमानाने सातबाराचा उतारा मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो अदबीने परत केला. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन चालत नाही, बिगरशेती प्लॉट किंवा सदनिका असेल तर सांगा, म्हणाले. जिच्यातून अन्न निघते ती जमीन अन्नाच्या अर्थशास्त्राला तारण होऊ शकत नाही, हे ऐकून अर्जदाराने खिशातून वही काढली आणि भावी प्रबंधाचा विषय म्हणून तिथल्या तिथे टिपून घेतले. अखेर आत्याबाईंची नाशकातील सदनिका गहाण पडली. भाचा हॉटेल काढणार, या भरवशावर त्यांनी ती खुशीने दिली.

प्रवेश मिळाला, व्हिसाची तारीख मात्र सत्र सुरू झाल्यानंतरची मिळाली, तेव्हा विद्यापीठाच्या संमतीने एक वर्षाची तहकुबी घेऊन अर्जदार सध्या घरीच आहे. रिकामा मात्र नाही. रोज दिवेलागणीला तालुक्यातील इतर अर्जदार आपापल्या फायली घेऊन ओसरीवर जमतात, आणि हा मुरब्बी वकिलाच्या थाटात त्यांचे मसुदे दुरुस्त करतो. परवा एका मुलाने प्रांजळपणे सांगितले, आमचे आजोबा जन्मभर मुंबईत गिरणीत होते, गावी गुंठाभरही जमीन नव्हती. अर्जदाराने क्षणभर विचार केला, लेखणी उचलली आणि आजोबांना दीड एकर कोरडवाहू देऊन टाकली. झोपाळ्यावर पडलेले आबा ताडकन उठून बसले.

"कोणत्या फेरफारानं?"