सरसकट सफाई नको

पाऊस उघडला की पांढरकवड्याच्या आसपास रस्त्याकडेच्या गवतावरून दोन तट पडतात. एक म्हणतो, गवत डोक्याएवढं वाढलंय, वळणावर समोरची गाडी दिसत नाही, कापा. दुसरा म्हणतो, रानाला लागून आहे, राहू द्या. आणि यंत्र आलं की डांबरापासून शेताच्या धुऱ्यापर्यंत सगळं एका दमात भुईसपाट. हे काम नव्हे, उरकाउरकी आहे.

पहिल्याचं आधी ऐकू, कारण तिथे माणसाचा जीव आहे. राष्ट्रीय महामार्ग 44 टिपेश्वर अभयारण्याच्या पूर्वेकडून जातो. या 148 चौरस किलोमीटरच्या जंगलातून झरी-जामणीकडे निघालेल्या जनावराला तो ओलांडावाच लागतो. उंच गवतातून रोही किंवा रानडुक्कर थेट चाकापुढे आलं, तर दुचाकीवाल्याला ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला पायी निघालेल्या बायाबापड्यांना चालायला मोकळी साईडपट्टी हवी. वळणं, फाटे, पूल, दुभाजकातली वाट, दिशाफलक इथलं गवत खुरटंच राहिलं पाहिजे, आणि तेही वारंवार कापून. एकदाच कापून सोडलं तर कोवळी फूट येते आणि तीच खायला रोही, चितळ डांबराच्या काठावर येतात.

पण रस्त्याची हद्द साईडपट्टीपाशी संपत नाही. नालीपलीकडे धुऱ्यापर्यंत जी पट्टी उरते, तिच्यावर यंत्र कशासाठी? पऱ्हाटीच्या शेतात निंदण आणि तणनाशकानंतर दुसरं हिरवं पान राहत नाही. लावा, तित्तर जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना आडोसा हवा तो इथे. रुईचं एक पान उलटून पाहा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी दिसेल. बिबळ्या कडवा फुलपाखराची ही अळी रुईवर वाढते, तिच्या चिकातलं विष अंगात साठवते आणि त्यामुळेच पाखरं तिच्या वाटेला जात नाहीत. कुसळीचं बी तर स्वतःच पेरणी करतं: दव पडलं की कुसळाचा पीळ उलगडतो, वाळलं की परत वळतो, आणि टोक हळूहळू मातीत शिरतं. ऐन बी धरताना कुसळी कापली की पुढच्या पावसाळ्यात त्या जागी काय येणार? गाजरगवत. त्याचं एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. ते फुलण्याआधी मुळासकट उपटायचं असतं. फुलल्यावर त्यावरून यंत्र फिरवणं म्हणजे सरकारी खर्चाने केलेली पेरणी.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 15 जुलैपूर्वी रस्त्याकडेचं गवत कापायला कायद्यानेच मनाई आहे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी. जिथे चालकाची नजर अडते तिथे मात्र कापायची मुभा आहे. शेतकऱ्यांचंच राज्य ते, तरी त्यांना हे जमलं. आपल्याकडे तारीख वेगळी लागेल, कारण इथे गवत वाढतं मृगानंतर आणि बी झडतं दिवाळीच्या मागेपुढे. तोवर मागची पट्टी हात न लावता ठेवायची. मग कापा आणि कापलेलं उचलून न्या. कुसळं झडून गेलेली असली की गुरांच्या तोंडाला टोचत नाहीत. तो चारा गोठ्यात जाऊ द्या.

पेटवून देणं मात्र साफ बंद. धुराने रस्ता दिसेनासा होतो, म्हणजे ज्या सुरक्षिततेचं नाव घेऊन काडी लावली तीच जळते. आणि तणनाशक फवारण्याचा सल्ला या जिल्ह्यात तरी कुणी देऊ नये. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने इथली घरं उघडी पडली, हे विसरण्याइतकं जुनं झालेलं नाही.

मुख्य खोट कंत्राटात आहे. कापणी किलोमीटरवर मोजली की ठेकेदार सगळंच कापणार, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पुढचं कंत्राट निघण्याआधी रस्त्याच्या अधिकाऱ्यांनी वनविभागाला सोबत घेऊन एकदा पायी फिरावं, कुठे नजर अडते ते चुन्याने आखावं आणि कागदावर दोन पट्ट्या, दोन वेळापत्रकं लिहावीत. यासाठी जास्तीचा निधी मागायची गरज नाही. उलट कापायचं क्षेत्र कमी होईल.

ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. येत्या सभेत मांडा.