निर्मित क्षमता आणि प्रत्यक्ष वापर

पाटबंधारे खात्यात प्रत्येक धरणाचे दोन आकडे असतात. पहिला, ‘निर्मित सिंचन क्षमता’. हा कोनशिलेच्या कार्यक्रमात, अहवालाच्या पहिल्या पानावर आणि मंत्र्यांच्या भाषणात असतो. दुसरा, ‘प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र’. हा परिशिष्टात असतो, आणि परिशिष्ट जोडायचं राहून गेलेलं असतं. माझे बाबा याच खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. खुर्ची गेली, जीप गेली, शिपाई गेला. हे दोन रकाने गेले नाहीत. घरात आलेली प्रत्येक वस्तू ते त्यांत भरतात. मिक्सर : भांडी तीन, वापरात एक. सोफा-कम-बेड : त्याचा बेड झालेला अद्याप कुणी पाहिलेला नाही. मुलगा : दहावीला गणितात पैकीच्या पैकी, सध्या वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये.

बाबांचा यात दोष नाही, गावाच्या पाण्यातच ते आहे. म्हणजे पाणी येतं तेव्हा. पैठणला जायकवाडी. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. २७ दरवाजे, शंभर टीएमसीच्या वर साठा, आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही पहाटे तीनला. त्याच्याही आधी, १३२७ च्या सुमारास, महंमद तुघलकानं अख्ख्या हिंदुस्थानची राजधानी दिल्लीहून आमच्या देवगिरीवर आणली आणि थोड्याच वर्षांत परत नेली. थोडक्यात, आमच्याकडे सगळं येतं. पुढचं काम तेवढं बाकी राहतं.

अशा शहरात, अशा घरात, २००९ साली मी पीएसपी आणला. प्लेस्टेशन पोर्टेबल. काळा, गुळगुळीत, तळहातांत मावणारा, ४.३ इंची पडद्याचा. २००३ साली सोनीच्या केन कुतारागी यांनी तो जाहीर केला तेव्हा ‘एकविसाव्या शतकाचा वॉकमन’ असं त्याचं वर्णन केलं होतं. गेम तर होतेच; शिवाय गाणी, फोटो, इंटरनेट आणि यूएमडी नावाच्या छोट्या तबकडीवर सिनेमेसुद्धा. ही तबकडी प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेली, आत घातली की खर्र-खर्र करत फिरायची. शांत खोलीत गेम सुरू केला तर शेजारच्या खोलीतून आई विचारायची, ‘काय कुरतडतंय रे?’

बाबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि रीतसर पाहणी केली. प्रोसेसर किती? मी अभिमानानं सांगितलं, ३३३ मेगाहर्ट्‌झ. आणि चालतो कितीवर? इथं माझा आवाज जरा खाली आला. कारण बॅटरी वाचावी म्हणून सोनीनं स्वतःच तो प्रोसेसर गेमसाठी २२२ वर बांधून ठेवला होता. २००७ साली कंपनीनं सॉफ्टवेअर बदलून ती मर्यादा उठवली, तेव्हा कुठं गेम बनवणाऱ्यांना पूर्ण ताकद मिळाली. पुढच्या वर्षी आलेल्या ‘गॉड ऑफ वॉर’नं ती वापरून दाखवली. बाबा ऐकताना खुलत गेले. जपानी कंपनीनं धरण बांधून वरच्या तिसऱ्या भागाचे दरवाजे दोन-अडीच वर्षं उघडलेच नाहीत, हे कळल्यावर त्यांना सोनीबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

‘कालव्याची कामं अपुरी असणार,’ ते म्हणाले.

नंतरच्या काही महिन्यांत घरानं पीएसपीचं लाभक्षेत्र परस्पर ठरवून टाकलं. मराठवाड्यात तेव्हा भारनियमन जोरात होतं. दिवे गेले की बाबा पांढऱ्याफटक भिंतीचा एक फोटो पडद्यावर लावून मीटरपर्यंत जात आणि फ्यूज तपासून येत. आईनं त्यात विष्णुसहस्रनाम भरून घेतलं. रोज सकाळी आंघोळ झाली की ती पीएसपी देव्हाऱ्याच्या बाजूला उभा करून ठेवी. एकदा उदबत्तीची राख त्याच्या गोल बटणांच्या फटीत गेली, तेव्हापासून ‘चौकोन’ दाबला की तो तसाच दाबलेला राहायचा. आईची खरी गरज तशी साधी होती. पहाटे तीनला पाणी भरायला उठवील असा गजर यात आहे का? मी मेन्यू पालथा घातला. इंटरनेट होतं, गजर मिळाला नाही. आई काही बोलली नाही. तिनं आपलं जुनं चावीचं घड्याळ पीएसपीच्या शेजारी आणून ठेवलं.

त्यातच माझ्या लग्नाचं बघत होते. स्थळांचे फोटो ईमेलवर येत, मी ते पीएसपीत टाकायचो आणि मावशी, आत्या, शेजारच्या काकू असं मंडळ सोफ्यावर बसून ते बघायचं. मावशीचा अंगठा भलत्या बटणावर पडला की मुलीचं नुसतं नाक पडदाभर व्हायचं आणि मग त्या नाकावर सविस्तर चर्चा. एकदा जालन्याच्या एका सोज्ज्वळ मुलीनंतर पुढचा फोटो आला तो ‘गॉड ऑफ वॉर’च्या क्रेटॉसचा : टक्कल, उघडं अंग, तोंडावर लाल पट्टा, दोन्ही हातांत साखळीला बांधलेली पाती. मावशीनं नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘हे मुलीचे मामा का?’ काकू म्हणाल्या, तब्येत चांगली आहे. ते स्थळ पत्रिकेवरून फिसकटलं, पण आमच्याकडे आजही मामांची चौकशी आधी होते.

राहता राहिले गेम. विकत घ्यायचे तर एकेक तबकडी खिशाला भोक पाडणारी, म्हणून मी जाणत्या मित्रांचा सल्ला मानून पैठण गेटला गेलो. तिथल्या मोबाइलवाल्यांच्या ओळीत एका पोरानं पीएसपी हातात घेऊन उलटापालटा केला.

‘कित्ते होना?’

‘चांगले चार-पाच.’

‘चार-पाच कायकू? चालीस डाल देतूं. जगा है तो खाली कायकू रखना?’

खोटं कशाला बोला, तो पोरगा बाबांच्या खात्यात शोभला असता. चाळीस गेम घेऊन घरी आलो आणि एकही धड खेळलो नाही. पहिला सुरू केला की दुसरा बरा वाटायचा. दुसरा निघेपर्यंत कंपनीची बस यायची.

बाबांनी तेव्हा आतल्या खोलीतल्या कपाटातून माझा लहानपणचा ब्रिक गेम काढला. कर्णपुऱ्याच्या यात्रेत घेतलेला, राखाडी, ‘९९९९ इन १’. दहा बाय वीस चौकटींचा तो पडदा. त्यात गेम मोजून डझनभर. बाकीचे सगळे तेच, वेग वाढवून आणि पातळी बदलून नव्यानं मोजलेले. यातल्या आकड्यांची बाबांना कधीच तक्रार नव्हती. ‘सुप्रमा आहे ही,’ ते म्हणायचे. सुधारित प्रशासकीय मान्यता. म्हणजे काम तेच, रक्कम नवी. पण मुद्दा असा की त्या डझनभरातला ठोकळे रचायचा खेळ त्यांनी स्वतः, दौऱ्यावर जाताना जीपमध्ये बसून, बटणं झिजेपर्यंत खेळला होता. सेल मऊ पडले की दातांनी चावून परत घालायचे. प्रत्यक्ष सिंचन शंभर टक्के.

ही काही आमच्या घरचीच गोष्ट नाही. १९८९ साली निन्टेंडोचा गेम बॉय आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट-करडा होता, रंगाचं नाव नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, चांगला रंगीत. पण त्याला सहा सेल लागायचे आणि चार-पाच तासांत ते संपायचे. गेम बॉय चार सेलवर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ चालायचा, सोबत टेट्रिस. कोण जिंकलं ते सांगायला नको. तो बनवणारे गुन्पेई योकोई यांचं म्हणणंच असं होतं की जुनं, स्वस्त, हातात बसलेलं तंत्र घ्या आणि त्याच्यातून नवं काहीतरी काढा. हे मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘या माणसाची बदली गडचिरोलीला झाली असती.’

पीएसपीचीही कुणी अगदी कीव करू नये. जगभर साडेसात कोटींच्या वर खपला तो. पण निन्टेंडोचा डीएस १५ कोटींच्या पुढे गेला, आणि पीएसपीच्या नशिबी ‘फार करण्यासारखं होतं’ हे वाक्य आलं. त्याचा धाकटा भाऊ व्हिटा, २०११ च्या डिसेंबरात जपानात आला, त्याची तर कुंडलीच तशी. पडदा देखणा, मेमरी कार्ड फक्त सोनीचंच आणि महागडं, पाठीलाही स्पर्श कळणारी पाटी. पाठीवर बोटं फिरवून नेमकं काय साधायचं, हे गेम बनवणाऱ्या बहुतेकांना शेवटपर्यंत उमजलं नाही. तोवर लोकांच्या हातात मोबाइल आले होते. २०१९ मध्ये व्हिटा बंद झाला.

पण एकदा हे यंत्र आमच्या अंगणात आलं होतं. २००९ मध्ये सोनीनं खास भारतासाठी ‘देसी अड्डा’ नावाचा गेम काढला : कबड्डी, पतंग आणि चक्क विटीदांडू! बनवला हैदराबादच्या गेमशास्त्र कंपनीनं. (निजामानं १७६३ मध्ये राजधानी आमच्याकडून हैदराबादला हलवली, तेव्हापासून असल्या गोष्टी तिकडंच होतात.) मी तो मुद्दाम पैसे मोजून, कवचातल्या तबकडीसकट आणवला, कारण बाबा तालुक्यात विटीदांडूचे नाव काढलेले गडी. म्हटलं, आता तरी दोन्ही आकडे जुळतील.

बाबा पाटावर मांडी घालून बसले. विटीवर नेम धरून त्यांनी बटण दाबलं. विटी उडाली. बाबांचं तोंड मात्र उघडं ते उघडंच.

‘गल कुठाय?’

‘अहो बाबा, ते आपोआप होतं.’

‘आणि मोजायचं कसं? वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू... त्याशिवाय कोणत्या अंगावर विटी घ्यायची हे ठरणार कसं?’

आकडा वरच्या कोपऱ्यात आपोआप वाढत होता. बाबांना ते सहनच होईना. दांड्यानं जमीन मोजायची, मोजताना भांडायचं, भांडण मिटवायला तिसरा बोलवायचा आणि तो आपल्याच बाजूचा निघायचा, ही खेळाची अर्धी बाजू कुणी आराखड्यातच धरली नव्हती. त्यांनी ‘चौकोन’ दाबला. राखेमुळे तो दाबलेलाच राहिला. विटी आपली जागेवर थडथडत बसली. बाबांनी यंत्र माझ्या हातात दिलं आणि ब्रिक गेमला सेल आणायला बाहेर पडले.

पुढं पीएसपीची बॅटरी फुगली. मागचं झाकण बसेना. एव्हाना आईचं सहस्रनाम मोबाइलवर आलं होतं, तेव्हा मी तो घेऊन पुन्हा पैठण गेटला गेलो, म्हटलं येईल ती किंमत. तोच पोरगा, आता दाढी ठेवलेला. नवी बॅटरी लावून त्यानं यंत्र सुरू केलं, चाळीस गेम एका नजरेत ओलांडले आणि खाली एका फायलीवर थांबला. दुकानात सहस्रनाम सुरू झालं. त्यानं आवाज कमी केला नाही. थोडा वेळ ऐकत उभा राहिला, मग गालात हसून मला म्हणाला,

‘ये कौनसा गेम है, भाई? इसमें लेवल कित्ते?’

‘हजार,’ मी म्हणालो.

‘पूरे किये क्या?’

‘मम्मी रोज करती.’

त्यानं शंभर रुपये वाढवून दिले.