आरएक्सचा अर्थसंकल्प

जुनी जपानी मोटरसायकल कमी खर्चात उभी करायची म्हटलं की माणूस वही काढतो आणि पहिल्याच ओळीत ‘रंग’ लिहितो. बजेट बुडतं ते तिथेच. या गाड्यांमध्ये जे दिसतं ते महाग आणि जे चालतं ते त्या मानानं स्वस्त. तेव्हा खिसा सांभाळणाऱ्यानं दिसण्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं म्हणणं आहे. उदाहरणाला यामाहा आरएक्स 100 घेऊ. आराखडा जपानी, पण 1985 ते 1996 या काळात एस्कॉर्ट्सनं ती भारतात बनवली. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलो. तिच्यावर जीव टाकणाऱ्यांत असे कित्येक आहेत की जे तिचं उत्पादन थांबल्यावर जन्मले. बंद पडलेली आरएक्स दारात आली की ही मंडळी टाकी उतरवून थेट पेंटरकडे पळतात. मग रिमांना आणि सायलेन्सरला क्रोम, सीटला नवं कव्हर, टाकीला स्टिकर. नवरदेव तापानं फणफणलाय आणि घरात चर्चा काय, तर वरातीच्या घोड्यावर झूल कुठल्या रंगाची!

वास्तविक हिच्या इंजिनाइतका गरिबाचा कैवारी दुसरा नाही. टू-स्ट्रोकचा एकच सिलिंडर. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. इंजिन चासीतून न उतरवताही हेड आणि सिलिंडर उचलून काढता येतात. मूळ बोअर 50 मिलिमीटरचा. तो घासला की बोअरिंगवाला पाव मिलिमीटर वाढवून देतो, त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा बसतात आणि गाडीला नवा जन्म मिळतो. असं पाव-पाव करत 51 पर्यंत जाता येतं. तोवर गाडी 102 सीसीची झालेली असते, पण आरसी बुकात 98च राहते. वय लपवायची सोय माणसालाही इतक्या बिनबोभाट मिळत नाही. लक्ष द्यायचं ते बारक्या गोष्टींकडे. पिस्टनच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, तो सायलेन्सरच्या बाजूलाच यायला हवा. रिंगेची दोन टोकं खाचेतल्या इवल्याशा पिनेवर बसवावी लागतात; रिंग फिरली तर टोक सिलिंडरच्या पोर्टमध्ये अडकतं आणि मोडतं. क्रँकचं ऑइल सील म्हणजे रबराची एक किरकोळ कडी. पण मॅग्नेटोच्या बाजूचं सील कडक झालं की क्रँककेसमध्ये हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन भर रस्त्यात जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं की इंजिन गिअरचं ऑइल ओढून पितं आणि मागून येणाऱ्यांना फुकटची धुरी मिळते. शिवाय ते जपानी चौफुली स्क्रू! आपल्या नेहमीच्या फिलिप्स पेचकसाचं टोक त्यांत पुरतं बसत नाही. जोर लावला की ते वर सरकतं आणि खाच गुळगुळीत होते. जेआयएस या जपानी मापाचा पेचकस ही सगळ्यांत फायद्याची खरेदी, पण ती कुणाच्याच वहीत नसते.

यावर पहिला आक्षेप असा की, रंग उडालेल्या गाडीला विंटेज म्हणणार कोण? सरकार तर नाहीच म्हणणार. 2021च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं व्हावी लागतात, म्हणजे सगळ्यात थोरली आरएक्ससुद्धा 2035पर्यंत नुसतीच जुनी. तोवर दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण आणि पर्यावरण कर. शिवाय तो नियम गाडी मूळ रूपात मागतो, हौशी पेंटरच्या कल्पनेतल्या रूपात नव्हे. दुसरा आक्षेप अस्सल पार्टांचा. पुण्याच्या जुन्या बाजारात मागाल तो पार्ट ‘ओरिजिनल जपान पीस’ असतो, काल ओतलेला असला तरी. इंडिकेटरची काच नकली निघाली म्हणून वळण चुकत नाही, ब्रेक शू नकली निघाला तर चुकतं. घासाघीस कुठे करायची हे यावरून ठरवावं. एवढ्या पैशांत नवी गाडी आली असती, या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. आली असती, आणि ब्रेकही चांगले लागले असते.

राहता राहिला पुन्हा विकण्याचा मुद्दा. चकचकीत गाडीला भाव येतो हे खरंच आहे. तेव्हा विकायचीच असेल तर माझा सगळा युक्तिवाद उलटा फिरवा: रंग मारा, क्रोम चढवा, स्टिकर लावा आणि गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन तापवून ठेवा, म्हणजे त्याच्यासमोर ती पहिल्या किकला सुरू होईल. आणि गिऱ्हाईक तुम्हीच असाल तर टाकीकडे बघायच्या आधी सिलिंडरच्या फिन्सवर हात ठेवा.