चादर अजून ओलीच आहे

ग्लासगो, 4 जानेवारी

ती. आई-बाबांस सुमीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पार्सल पोचलं. आई, परवा तू सकाळी सहाला फोन केलास तेव्हा इथं रात्रीचे साडेबारा वाजले होते, त्यामुळं तुझे जावईबापू समीर "हं, हं" एवढंच बोलले. रागावले वगैरे नाहीत. आत्यांना तसं आजच सांग, नाहीतर बाळीवेशीपर्यंत बातमी जायची. कणीक भिजवून ठेवलीय, ती मुरेपर्यंत लिहिते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं वाचून दाखवलं की आजीला ते तूच रचलेलं वाटतं, म्हणून हा कागद.

टीव्हीवर बघितलंस ते वादळ आमच्याकडं आलंच नाही, खाली इंग्लंडात गेलं. इथं वादळांचं रीतसर बारसं होतं. 2015 पासून हवामान खातं दर हिवाळ्याला नावांची यादीच काढतं. तेव्हा नावानिशी वादळ आलं की घाबरू नकोस. आम्हाला छळतो तो बिननावाचा पाऊस. आपला सोलापूरचा पाऊस कसा, वाट बघायला लावतो, मग तासभर झोडपतो, सात रस्त्याला गुडघाभर पाणी करतो आणि जातो. इथं खिडकीतून बघावं तर कोरडं वाटतं आणि बाहेर पडलं की चष्मा ओला. वर्षाचा आकडा अकराशे-बाराशे मिलिमीटर, कोकणातला माणूस हसेल. पण तेवढाच पाऊस हे लोक जवळजवळ 170 दिवस पुरवून पुरवून वापरतात. बरं, छत्री म्हणावी तर वारा ती उलटी करतो. बाबा, तुमच्यासाठी एक माहिती : रेनकोटचं कापड याच गावच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं काढलं, 1823 मध्ये. गॅस कारखान्याच्या डांबरातून निघणाऱ्या नॅप्थात रबर विरघळवलं आणि दोन कापडांच्या मध्ये ते बसवलं. दुसरं करणार काय होता बिचारा!

आता पार्सलचं. शेंगा चटणी उत्तम. निम्मी संपली, कोणी संपवली ते विचारू नकोस. कडक भाकरीची मात्र कथा झाली. मालदांडी ज्वारीची भाकरी तिकडं महिनाभर डब्यात कडकडीत राहते. इथं एका रात्री झाकण नीट लागलं नव्हतं, तर सकाळी अशी सादळली होती की घडी घालता आली. आता ओव्हनमध्ये भाजून खातोय. मीठही सादळतं, पापडही सादळतात. समीर म्हणतो, मीही सादळलेय.

आणि चादर! कोयरीच्या काठाची, बाबांनी स्वतः निवडलेली, हे फोनवर तीनदा सांगून झालंय. बाबा, चादर देखणी आहे, वाद नाही. आमच्या चिमीनं पहिल्याच दिवशी ती ताब्यात घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर कपभर कोको सांडला. धुणं भाग होतं. तिथून आमचं पानिपत सुरू झालं.

घरमालकाच्या एजंटचं एक पत्र आमच्या फ्रिजवर लावलेलं आहे. त्यात लिहिलंय की घरात कपडे वाळत घालू नयेत, कारण भिंतींना बुरशी येते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्याच पत्रात पुढं लिहिलंय की घर गरम ठेवावं. आता खिडक्या उघड्या ठेवून घर गरम ठेवायचं म्हणजे ग्लासगो शहरच गरम करायचं, तेही आमच्या मीटरवर. मी फोन करून विचारलं की मग कपडे वाळवायचे कुठं? एजंटकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, मागच्या अंगणात खांब आहेत ना, तिथं दोरी बांधा. खांब आहेत. वर आभाळही आहे. अडचण त्या दोन्हीच्या मध्ये आहे.

मग गेले लाँड्रीत. काउंटरवरच्या बाईनं चादर हातात घेऊन तोलली आणि धुऊन-वाळवून साडेअकरा पौंड सांगितले. रुपयांत करू नका म्हणतात, मी केले. तेराशेच्या वर जातात. एवढ्यात नव्या पेठेत नवी चादर येते, वर रिक्षाचे पैसे सुटतात! मी ती ओली चादर उचलली आणि परत आणली. समीर म्हणाला, "सोलापूरचं पाणी आहे." त्यानं ते कौतुकानं म्हटलं असं मी धरून चाललेय.

शेवटी चादर गेली पुलीवर. आजी, हे तुझ्यासाठी. इथली जुनी घरं दगडी, छत उंच, आणि स्वयंपाकघरात छताला चार लाकडी पट्ट्या दोरीनं टांगलेल्या असतात. दोरी सैल सोडली की पट्ट्या खाली येतात, कपडे टाकायचे, ओढून वर न्यायचं, भिंतीवरच्या खुंटीला दोरीचे आडवे वेढे मारायचे. तुझी सोवळ्याची दांडी, अगदी तीच. फक्त काठी लागत नाही, आणि खालून गेलं म्हणून कोणी ओरडत नाही. चादरीचं वजन तुला ठाऊक आहे. दोरी ओढायला समीर आणि मी दोघं लागलो. दोन दिवस काठाच्या एकाच टोकावर थेंब जमायचा, जाड व्हायचा आणि बरोबर पोळपाटावर पडायचा. पोळपाट सरकवला तर ओट्याला जागा नाही. तेव्हा मी पोळी लाटताना एका हातानं छत्री धरावी असं चिमीनं सुचवलं. तुझी पणती आहे. (एजंटबाईंना पुलीबद्दल विचारलेलं नाही. पुली त्यांच्याच घराची आहे.)

समोरच्या घरात एक आजीबाई राहतात. एकट्याच असतात. हवा कशीही असो, "आज तशी थंडी नाही" म्हणतात. एक डोळा आभाळावर ठेवणं हे त्यांचं कामच. मंगळवारी सकाळी त्यांनी दार धडाधडा वाजवलं. मला वाटलं आग लागली. तर म्हणे, "कोरडं आहे! वाराही आहे!" आणि त्या स्वतःची बादली घेऊन जिन्यातून खाली. मागोमाग वरच्या मजल्यावरचा दाढीवाला पोरगा, तळमजल्यावरची बाळंतीण, सगळे ओले कपडे उराशी धरून अंगणात. आपल्या गल्लीत पाचव्या दिवशी "पाणी आलं!" ओरडलं की कशा सगळ्या घागरी नळाला धावतात, तस्संच. खांब कोणी आधी धरायचा यावरून थोडं तोंडही वाजलं, पण इंग्रजीत, त्यामुळं भांडणाचं समाधान मिळालं नाही. चादर दोरीवर पडली. तासाभरात पाऊस.

ऊन आता पावणेनऊला उगवतं असं म्हणायचं, चारला दिवे लागतात. डिसेंबरच्या 21 तारखेला दिवस जेमतेम सात तासांचा होता. डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना रोज ड जीवनसत्त्वाची गोळी घ्यायला सांगितलीय. इथं हिवाळ्यात ती सगळ्यांनाच सांगतात, सावळ्या माणसांना बारा महिने. ज्या पोरीनं जन्मभर स्कार्फ बांधून, हातमोजे घालून स्कूटी चालवली, ती आता ऊन पाण्याबरोबर गिळते. समीरनं ऑफिसातल्या कोणाचं तरी ऐकून लख्ख उजेडाचा दिवा आणलाय, सकाळी नाश्त्याला त्याच्यासमोर बसतो. चिमी त्याला अर्घ्य देऊ का विचारते.

कणीक मुरली. उरलेलं पोळ्या झाल्यावर.

झाल्या. आता तिकडच्या बातम्यांना उत्तरं. पिंट्याचं लग्न मे महिन्यात, तेही दुपारी साडेबाराचा मुहूर्त! 44 डिग्रीत शेरवानी घालून तो घोड्यावर बसणार. घोडं तरी हो म्हणालंय का? पण खरं सांगू, तू तारीख सांगितलीस आणि मला हेवा वाटला. बंडूमामांना सांग, सोलापुरातून विमानानं मुंबईला गेल्याची बातमी पोचली, चारजणांकडून पोचली. 2023 ला विमानांच्या आड येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा अर्धं गाव विरोधात होतं, मामा दोन्ही अर्ध्यांत होते. बाबा, जाळी काढायला शिडीवर तुम्ही चढलात हे आईनं सांगितलं नाही, पिंट्यानं सांगितलं. पुन्हा चढू नका. आत्यांच्या गुडघ्याला महानारायण तेल लावायचं ते उन्हात बसूनच लावा. गच्चीवर जायला त्यांना सकाळी कोण हात देतं?

गड्ड्याची जत्रा आठवड्यावर आली. होम मैदानावर पाळणे उभे राहिले असतील. आई, तू बाबांची बाराबंदी नीळ घालून गच्चीवर टाकशील आणि खाली येऊन चहा होईतो ती वाळलेली असेल. मला तो गच्चीतला वास आठवतो गं. दहाला टाकलेली चादर अकराला उचलायला जायचं, पाय भाजतात म्हणून चवड्यांवर उड्या मारत, आणि ती छातीशी धरली की तापलेल्या सुताचा वास यायचा. तेव्हा आम्ही त्या उन्हाला किती शिव्या दिल्यात! काल पुलीवरून चादर काढून नाकाशी धरली, तिला आमच्या फोडणीचा वास येतो. मग मी जरा रडले. चिमीला कांदा चिरत होते म्हणाले. ती म्हणाली, कांदा कुठाय?

असो. मी बरी आहे. शनिवारी बोटॅनिक गार्डनच्या काचघरात जाऊन येतो. तिथं तिकीट नाही, आत उबदार असतं, आणि दार ढकलल्यावर चष्म्यावर वाफ धरते ती पुसेपर्यंत आपण कुठं आहोत ते दिसत नाही, हे मला आवडतं. बाबा, शेजारचं पेझली गाव तुम्हाला दाखवायचंय. एकोणिसाव्या शतकात तिथले विणकर जॅकार्डच्या मागांवर काश्मिरी शालींची नक्कल करायचे, आणि आज जगभर आपली कोयरी त्या गावाच्या नावानं विकली जाते. तुम्ही फोनवर "चोर लेकाचे" म्हणालात. तसं तिथं जाऊन म्हणू नका.

पुढच्या पार्सलात चादर नको. टर्किश टॉवेल तर मुळीच नको, बाबा, सोलापूरचं नाव कितीही मोठं असलं तरी. साधे पातळ पंचे पाठवा, चारसहा. पुलीवर रात्रीत वाळतात. चटणी दुप्पट.

आजीस नमस्कार. पिंट्यास बोलणी. कळावे,

तुमची,
सुमी

ता. क. : तुम्ही दोघं जूनमध्ये या. तेव्हा इथं रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि पिंट्याचं लग्नही उरकलेलं असेल. बाबांचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. तेवढा आधी नवा करून घ्या, गड्ड्यानंतर बघू म्हणू नका.