चघळण्याचा खर्च

घाटकोपर स्टेशनबाहेर घेतलेला रबरी चेंडू लॅब्रेडॉरच्या पिल्लापुढे चहा उकळेपर्यंत टिकतो. पिल्लाचाही नाइलाजच. साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे 28 दात पडून 42 पक्के यायला लागतात, हिरड्या शिवशिवतात. मग मालक ‘टिकाऊ’ खेळण्याच्या शोधात अंधेरीच्या चकचकीत पेट शॉपमध्ये शिरतो आणि किंमत बघून स्वतःचेच दातओठ खातो.

‘काँग’ नावाचं पोकळ रबरी खेळणं जगभर खपतं. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या जो मार्कहॅमचा जर्मन शेफर्ड दगड चावायचा. एकदा व्हॅनच्या सस्पेन्शनचा रबरी तुकडा त्याच्या तोंडी लागला आणि तोच आवडला. त्यावरूनच मार्कहॅमला काँग सुचलं. मूळ माल गॅरेजातला! (कुर्ल्याच्या भंगारवाल्यांना हे कळू देऊ नका, उद्या तेही बारकोड लावतील.) दुसरा पर्याय छुर्पी, हिमालयातलं कडक वाळवलेलं चीज. तिकडे छुर्पी माणसं चघळतात. मुलुंडला ती कुत्रा चघळतो, आणि माणूस पनीर महागलं म्हणून कुरकुरतो.

स्वस्तात काय? शिजवलेलं हाड नको, त्याच्या टोकदार कपच्या उडतात. जुनी चप्पलही नको. जुनी कुठली आणि पाहुण्यांची कोल्हापुरी कुठली, हा भेद पिल्लाला कळत नाही. जुन्या जीन्सच्या पट्ट्यांची घट्ट वेणी मात्र झकास. धागे सुटले की फेकायची. जीन्स फक्त स्वतःची असावी, शेजाऱ्यांच्या दोरीवरची नव्हे.